वडिलांच्या डिस्चार्ज बुकात 1971 ची पदकं नाहीत. इतक्या वर्षांनी नोंद दुरुस्त होते का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वडील पेडणे तालुक्यातले, मार्च 1964 मध्ये बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि 1982 ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले. 1971 च्या युद्धात ते जंगी पलटणीबरोबर आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होते. तिथे पायाला गोळी लागली, हॉस्पिटलात गेले आणि बरे झाल्यावर दुसऱ्या पलटणीत पोस्टिंग झालं. डिस्चार्ज बुकात पदकांच्या रकान्यात मात्र सैन्य सेवा मेडल आणि नऊ वर्षांचं सेवापदक, एवढंच. नेटवर डीडी 149 नावाचा फॉर्म सापडला, तो कुठे द्यायचा आणि वकील करावा लागेल का, हे तुम्हाला हवंय.

नोंद दुरुस्त होते. मी लष्करात क्लर्क होतो, नोकरीतली बरीच वर्षं कागदांच्या याच कामात गेली. आता डिचोलीला असतो आणि आसपासचे माजी सैनिक असे कागद घेऊन येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डीडी 149 डोक्यातून काढून टाका. तो अमेरिकेच्या सैन्याचा फॉर्म आहे. तिथे सैनिकाची नोंद दुरुस्त करायला वेगळं बोर्ड असतं आणि डीडी 214 म्हणजे त्यांचा डिस्चार्जचा कागद. आपल्याकडे असं बोर्ड नाही. आपल्याकडे नोंद असते रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात, आणि ती दुरुस्तही तिथेच होते. वडिलांचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, चोर्ला घाट चढून गेलं की पलीकडे.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक लोक अर्जात लिहितात, 'माझं 1971 चं 'पूर्वी स्टार' हे पदक मिळालेलं नाही, कृपया द्यावं.' उत्तर येतं, 'रेकॉर्डप्रमाणे आपण पात्र नाही.' आणि माणूस खचतो. पदक आधी मागायचंच नाही. आधी मागायची ती नोंद. डिस्चार्ज बुक ही नक्कल आहे, पेन्शनवर जाताना क्लर्कने शीट रोलवरून उतरवून दिलेली. जवानाचा मूळ कागद शीट रोल. आणि शीट रोलवर जे काही चढतं, ते युनिटने काढलेल्या पार्ट टू ऑर्डरवरून चढतं: पोस्टिंग, बढती, रजा, हॉस्पिटल, लग्न, मुलं, पदकं, सगळं. पार्ट टू ऑर्डर निघालीच नाही, किंवा निघाली पण शीट रोलवर चढली नाही, तर त्या माणसाच्या आयुष्यातली ती गोष्ट कागदावर घडलेलीच नसते. तुम्हाला शोधायचंय ते हे, की साखळी नेमकी कुठे तुटली.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत कुठे तुटली असेल याचा मला बऱ्यापैकी अंदाज आहे. जखमी माणूस हॉस्पिटलात गेला की काही काळाने तो युनिटच्या संख्येतून कमी होतो. त्याला एसओएस म्हणतात, म्हणजे स्ट्रेंथवरून उतरवणं. लढाईची पदकं काही लढाईच्या दुसऱ्या दिवशी वाटत नाहीत. युनिट नंतर नावांची यादी बनवून पाठवतं, आणि ती बनते तेव्हा जो हजर तो डोळ्यांसमोर असतो. जो हॉस्पिटलात आहे, रेजिमेंटच्या सेंटरला आहे किंवा दुसऱ्या पलटणीत गेलाय, त्याचं नाव राहून जातं. जुनी पलटण समजते, नवी त्याचं बघेल. नव्या पलटणीला तो जमालपूरला होता हेच ठाऊक नसतं. म्हणजे ज्याने गोळी खाल्ली तोच यादीतून गळतो! हे मी अनेकदा पाहिलंय आणि प्रत्येक वेळी मला तितकाच राग येतो.

जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा, डिसेंबर 1971 मध्ये ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसली होती. 10 आणि 11 डिसेंबरमधल्या रात्री तिथे मोठी लढाई झाली आणि जमालपूर पडलं. हा लिखित इतिहास आहे, त्यावर कुणी वाद घालणार नाही. तुम्हाला सिद्ध करायचंय इतकंच, की त्या तारखांना वडील या पलटणीच्या स्ट्रेंथवर होते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. शत्रूच्या गोळीने जखमी झालेल्याला पराक्रम पदक असतं, जुने लोक त्याला वुंड मेडल म्हणतात. तेही वडिलांच्या नोंदीत नाही. त्याअर्थी त्यांची जखम 'बॅटल कॅज्युअल्टी', म्हणजे लढाईतली जखम, म्हणून चढलीच नसावी, असा मला संशय आहे. ही नोंद नसणं फक्त पदकापुरतं राहत नाही. सुटताना मेडिकल बोर्डाने पायाचं अपंगत्व लिहिलं असेल, तर ती जखम लढाईतली की साधी यावर पेन्शनचा वॉर इंज्युरीचा भाग ठरतो. लढाईच्या पदकांना पैसे नसतात, इथे मात्र दरमहा फरक पडू शकतो. म्हणून मेडिकल बोर्डाचे कागद मागायला विसरू नका. थकबाकी मात्र सगळ्या वर्षांची मिळेल असं धरून चालू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या तरसेम सिंग निकालापासून ती साधारणपणे दावा लावण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच देतात.

वडिलांचा हक्क कशाकशावर दिसतो? पूर्वी स्टार, पूर्वेकडच्या लढाईच्या भागात प्रत्यक्ष असलेल्यांचं. संग्राम मेडल, 3 डिसेंबर 1971 ते 20 डिसेंबर 1972 या काळात ठरलेल्या राज्यांत सेवेत असलेल्यांसाठी. 15 ऑगस्ट 1972 ला सेवेत असलेल्या सर्वांना स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक होतं, तेही त्यांच्या नोंदीत नाही. आणि रक्षा मेडल 1965: 5 ऑगस्ट 1965 ला जो सेवेत होता आणि तोवर ज्याचे 180 दिवस भरले होते, त्याला ते होतं. मार्च 1964 ची भरती म्हणजे हेही बसतं. ही शेवटची दोन केवळ सेवेत असण्याची पदकं आहेत, त्यांसाठी कुठलीही लढाई सिद्ध करावी लागत नाही. अर्जातल्या पदकांच्या यादीत ती आधी मांडा. ती नोंदीत नाहीत यावरूनच दिसतं, की रकाना भरताना कुणीतरी घाई केली.

गोव्यात आणखी एक घोळ नेहमी होतो. 1961 ला गोवा मुक्त केला त्या कारवाईचं नाव ऑपरेशन विजय, आणि 1999 च्या कारगिलचंही तेच. ऑपरेशन विजय मेडल आणि स्टार ही कारगिलची आहेत. गोव्याच्या कारवाईसाठी जनरल सर्व्हिस मेडल 1947 वर 'गोवा 1961' अशी पट्टी मिळे. तुमचे वडील तेव्हा भरतीच झाले नव्हते, त्यामुळे कुणी सुचवलं तरी अर्जात ते घालू नका. एक चुकीची मागणी आली की बाकीच्या खऱ्या मागण्यांकडेही शंकेने बघतात.

आता घरी बघा. ट्रंकेत, कपाटात, देवघराच्या खणात एखादं सुटं पदक आहे का? असेल तर रिबन सोडा, त्याची कड बघा. सरकारी पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरांत ठोकलेलं असतं. वर्षानुवर्षांच्या मळाने ते भरून जातं. ब्रासो अजिबात लावू नका, अक्षरं झिजतात. मऊ कापडाने पुसा, उन्हात तिरपं धरा आणि भिंगातून वाचा. सत्तरीतल्या एका माणसाच्या डब्यात असं संग्राम मेडल निघालं. नंबर त्यांचा, नाव त्यांचं, आणि डिस्चार्ज बुकात त्याचा पत्ताच नाही. याहून चांगला पुरावा नाही. कॅन्टोन्मेंटच्या दुकानातून घेतलेल्या पदकाची कड कोरी असते, ते पुरावा म्हणून चालत नाही. नोंद होईपर्यंत तसलं विकत घेऊन वडिलांच्या छातीवर लावूही नका. त्यांचं खरं येऊ दे.

मग माहितीचा अधिकार, म्हणजे आरटीआय. अर्जावर सही वडिलांचीच हवी, हात थरथरत असेल तर अंगठा आणि दोन साक्षीदार. तुम्ही तुमच्या नावाने मागितलंत तर ती दुसऱ्याची वैयक्तिक माहिती ठरते आणि नकार येतो. स्वतःची माहिती स्वतः मागितली तर तो प्रश्नच उरत नाही. शुल्क 10 रुपये, पोस्टल ऑर्डर जोडा. 'माझ्या पदकांची माहिती द्या' असं मोघम लिहू नका. शीट रोलची पूर्ण प्रत मागा. 1 नोव्हेंबर 1971 ते 31 डिसेंबर 1972 मधल्या त्यांच्या नंबरवरच्या सगळ्या पार्ट टू ऑर्डर मागा. हॉस्पिटलात पाठवल्याची नोंद आणि सुटतानाच्या मेडिकल बोर्डाची प्रत मागा. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. आलं नाही तर पहिलं अपील, तिथेही नाही झालं तर 90 दिवसांच्या आत केंद्रीय माहिती आयोग.

'जुने कागद नियमाप्रमाणे नष्ट केले' असं उत्तर आलं, तर लगेच मान्य करू नका. 25 वर्षांनी नष्ट होतात ते साधारणपणे पेन्शन नसलेल्यांचे कागद. वडील पेन्शनर आहेत. शिवाय लाँग रोल, म्हणजे भरती झालेल्यांचं रजिस्टर, कायम ठेवतात.

शीट रोलची झेरॉक्स आली की घाई न करता वाचा. सत्तरीतल्या एका माजी सैनिकाच्या बाबतीत रेकॉर्डवाले सांगत होते, लढाईच्या काळात हा सेंटरला होता. झेरॉक्सवर एका शिक्क्याच्या खाली पेन्सिलीत पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक लिहिलेला दिसत होता, अर्धा पुसलेला. तो क्रमांक धरून ती ऑर्डर मागवली. त्यात हॉस्पिटलात पाठवल्याची तारीख होती आणि पाठवणारं युनिट त्यांची पलटणच होती. सेंटरला ते नंतर गेले होते. लढाईत होते याचा पुरावा सगळा वेळ त्यांच्याच कागदात पडून होता, तो क्रमांक उलगडून बघण्याची तसदी कुणी घेतली नव्हती.

नावाचं आत्ताच तपासा. आपल्याकडे पोर्तुगीज काळातल्या जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, भरतीच्या कागदावर दुसरं आणि आधारवर तिसरं, असं घरोघरी आहे. सैन्यात ओळख नंबरावर चालते. तरी सगळी नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून जोडा, म्हणजे त्या कारणाने अर्ज परत येणार नाही.

हे हातात आलं की दुरुस्तीचा अर्ज ओआयसी रेकॉर्ड्स, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसच्या प्रमुख अधिकाऱ्याच्या नावे करा. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), माजी सैनिक ओळखपत्र यांच्या प्रती, आरटीआयमधून आलेले कागद, आणि वडिलांचं स्वतःचं निवेदन. निवेदन तुम्ही रचू नका. कुठल्या कंपनीत होते, कंपनी कमांडर कोण, गोळी कुठे आणि केव्हा लागली, कोणी उचलून नेलं, कुठल्या हॉस्पिटलात जाग आली, हे त्यांच्या शब्दांत लिहून घ्या आणि त्यांना वाचून दाखवा. पलटणीतला कुणी सोबती हयात असेल तर त्याचंही प्रतिज्ञापत्र घ्या. वयं बघता हे काम उद्यावर टाकू नका, बाकी कागद थांबतील. मागणी या क्रमाने लिहा: आधी जखमेची आणि युनिटची नोंद दुरुस्त करावी, त्यानुसार पदकांची पार्ट टू ऑर्डर काढावी, डिस्चार्ज बुकात नोंद करून द्यावी आणि पदकं पाठवावीत. अर्ज पणजीच्या सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा आणि एक प्रत थेट स्पीड पोस्टने बेळगावला. पावती जपून ठेवा. नोंद आधी होते, प्रत्यक्ष पदक हातात यायला वेळ लागतो, कधी खूपच. नोंद झाली की हक्क पक्का.

वकील सध्या नको. रेकॉर्डने लेखी नकार दिला, किंवा अर्ज करून सहा महिने उलटले आणि काहीच उत्तर नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाता येतं. गोव्यासाठी त्याचं खंडपीठ मुंबईला आहे. नकाराच्या तारखेपासून, किंवा ते सहा महिने संपल्यापासून, पुढे सहा महिन्यांत अर्ज दाखल करावा लागतो. उशीर झाला तर तो माफ करण्याची विनंती करता येते, पण त्यावर विसंबू नका. म्हणून पहिल्या अर्जाची तारीख आणि पावती इतकी महत्त्वाची. तिथे जायची वेळ आली तर सैनिकांचे खटले चालवणाराच वकील बघा, आणि जखमेची नोंद आणि पेन्शन हे दोन्ही त्याच्यासमोर एकत्र ठेवा.

शीट रोल आला आणि एखादी नोंद लागली नाही, तर नंबर आणि नाव झाकून तेवढा भाग इथे टाका. या नोंदी मी वर्षानुवर्षं लिहिल्या आहेत, वाचून सांगेन.