गोधडीत मृत्युपत्र लपवायचं असेल तर

अमळनेरजवळचं गाव, दुपारी गोधड्या शिवायला जमणारा बायकांचा गट, त्यातली एक म्हातारी अचानक जाते आणि शेवटी नायिका गोधडी उसवून तिचं मृत्युपत्र काढते, अशी तुमची कादंबरी. तुमचा प्रश्न असा, की तिनं नेमकी तीच गोधडी, नेमकी तिथंच का उसवावी? म्हातारी स्वप्नात आली, हे चालणार नाही. उत्तर शिवणीतच आहे.

खाली जुनं लुगडं अंथरतात, त्यावर धोतराचे, सदऱ्यांचे तुकडे पसरतात, वर पुन्हा सुती साडी. लांब कच्चे टाके घालून थर धरून ठेवले, की कडेपासून धावदोरा घालत चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे यायचं. दोन ओळींत बोटभर अंतर आणि प्रत्येक टाका सगळ्या थरांतून आरपार. इथंच तुमचं रहस्य आहे. ए-फोर कागद दोनदा दुमडला की साधारण 15 बाय 10.5 सेंटिमीटरचा होतो. त्यावरून ओळी नेल्या तर कागदाची चाळणी होईल, म्हणून पाच ते सात ओळी तिथं तोडाव्याच लागतात. कोरी जागा डोळ्यांत भरते, म्हणून म्हातारी वर ठिगळ लावते आणि त्यावरही ओळी घालते, पण फक्त वरच्या कापडातून. पुढून बघाल तर सगळं जुळलेलं. गोधडी पालथी केली की मागं तळहाताएवढा चौकोन, एकही टाका नसलेला.

हा चौकोन वाचकाला लवकर दाखवा, दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणातच. म्हातारीला मोतीबिंदू आहे हे आधी सांगून ठेवलंत, की गटातल्या बायका "दिसत नव्हतं बिचारीला" म्हणून सोडून देतील आणि वाचकही सोडून देईल. नायिकेला पुढं आठवायला हवं, की बाकीच्या ओळी त्याच डोळ्यांनी सरळ घातल्या होत्या.

गोधडी धुतली जाते हे विसरू नका. उघडा कागद एका धुण्यात लगदा होईल. दुधाच्या पिशवीत घालून तोंड मेणबत्तीवर चिकटवलं तर टिकेल, लिखाण बॉलपेनचं ठेवा. शिवाय टाके नसलेल्या जागी आतल्या चिंध्या धुतल्यावर सरकून गोळा होतात, तो हाताला लागतो. गुन्हेगारानं आधीच तिथं उसवून पाहिलं असेल तर जुन्या टाक्यांची भोकं पुढच्या धुण्यापर्यंत दिसतात आणि नवा दोरा पांढरा उठून दिसतो. उजव्या हाताची बाई ओळ उजवीकडून डावीकडं नेते, सुरुवातीची गाठ उजवीकडं. डावखुरीची उलट. गटात एकच डावखुरी ठेवा, आणि तिच्यावर फार लवकर संशय जाऊ देऊ नका.

कायद्याची बाजू तुमच्या सोयीची आहे. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही, फक्त दोन साक्षीदार सही करणारे लागतात आणि मजकूर त्यांना वाचून दाखवावा लागत नाही. म्हणजे गटातल्याच दोघींनी सह्या केल्यात, कशावर ते त्यांना माहीत नाही. हेतू शेतीचा ठेवा. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तेव्हाच भाऊ हक्कसोडपत्राचा विषय काढतो. तलाठ्याकडं फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाची, नोंद पडली, की हरकतीला 15 दिवस. कादंबरीला तेवढी घाई पुरे.

खून मात्र सौम्य ठेवा. आखाजीच्या सुमारास पारा चाळीस-पंचेचाळीसच्या घरात असतो, बारा ते चार गल्लीत कुत्रं दिसत नाही. वयस्कर बाई गेली तर लोक "ऊन लागलं" म्हणतात आणि संध्याकाळच्या आत सगळं उरकतात. पोलीस पाटलाला मृत्यू नैसर्गिक वाटू द्या. त्यानं संशय घेऊन ठाण्याला कळवलं, तर पंचनामा होऊन शव तपासणीला जाईल आणि तुमच्या बायकांच्या हातातून गोष्ट डॉक्टरांच्या हातात जाईल.

बोली अमळनेर-पारोळ्याकडची अहिराणी ठेवा. यावल-रावेरची लेवा बोली त्यात मिसळलीत तर खानदेशी वाचक पहिल्या संवादातच पकडेल. आणि अख्खे संवाद बोलीत न लिहिता "कथा चालनी वं माय?" (कुठं चाललीस गं माय?) अशा हाका, टोमणे तेवढे ठेवा.

राहिला खोटा साक्षीपुरावा. "मी एकटीच नदीवर गोधडी धुवून, पिळून घेऊन आले," असं गुन्हेगार बाईच्या तोंडी घाला. ओली गोधडी एकटीला पिळता येत नाही, दोन टोकांना दोघी लागतात. नायिकेला हे ऐकताच खटकायला हवं, पण तिनं ते वीस-पंचवीस पानं मनातच ठेवावं.