अभ्यासात फोन कशासाठी उचलतोस, ते आधी लिहून काढ

बारावी सायन्स, सोबत एमएचटी-सीईटी, लेक्चर्स यूट्यूबवर आणि नोट्स टेलिग्रामवर. त्यामुळे फोन बंद ठेवता येत नाही आणि ॲपच्या वापरावर टायमर लावला तरी तूच तो काढतोस, ही तुझी अडचण. टायमर टिकत नाही यात नवल नाही. अँड्रॉइडच्या डिजिटल वेलबीइंगमधला (सेटिंग्जमधली फोनचा वापर मोजणारी सोय) टायमर दोन-चार टॅपमध्ये निघतो. शिवाय त्याची मोजणी मध्यरात्री शून्यावर येते, म्हणजे जागणाऱ्याला बारा वाजता नवा कोटा मिळतो.

आधी दोन दिवस काही बदलू नकोस. अभ्यासाला बसल्यावर फोन उचललास की कारण एका शब्दात वहीच्या मागच्या पानावर लिही: वेळ, शंका, आकडेमोड, मेसेज, कंटाळा. डिजिटल वेलबीइंगमध्ये दिवसभरात फोन किती वेळा अनलॉक झाला तेही दिसतं. एकूण तासांपेक्षा तो आकडा बघ. घड्याळ बघायला उचललेला फोन वर आलेली नोटिफिकेशन दाखवतो, आणि वेळ जातो तो तिथून पुढे.

मग प्रत्येक कारणासाठी दुसरी सोय कर. वेळेसाठी मनगटी घड्याळ, पहाटेसाठी गजराचं घड्याळ, म्हणजे फोन उशाशी लागत नाही. आकडेमोडीला लॉग टेबल. बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, तेव्हा ती सवय आत्ताच लागलेली बरी. पीडीएफमधली लागतील तेवढीच पानं झेरॉक्सवाल्याकडून छापून आण.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती शंका, कारण ती अभ्यासाचंच काम वाटते. शंका आली की लगेच शोधायचं नाही. वेगळ्या कागदावर पान क्रमांक, गणित क्रमांक आणि कोणत्या पायरीवर अडलं ते लिहायचं आणि पुढे जायचं. संध्याकाळी अर्धा तास फोन घेऊन सगळ्या शंका एकदम शोधायच्या किंवा सरांना विचारायच्या. काही तोवर पुढचं वाचताना सुटलेल्या असतात. 'अडलेली पायरी' लिहायला विसरू नकोस, नाहीतर संध्याकाळी आख्खं गणित पुन्हा करावं लागतं.

लेक्चर्ससाठी यूट्यूबची वॉच हिस्टरी पुसून बंद कर. होम पेजवरच्या शिफारशी जातात. ऑटोप्लेही बंद. उद्याची लेक्चर्स आज रात्री ॲपमध्येच डाउनलोड करून ठेव आणि फोन एअरप्लेन मोडवर टाकून बघ.

बाकीच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत. टेबलावर पालथा ठेवणं पुरत नाही, लक्ष तिकडे राहतंच. घर एका खोलीचं असेल तर कपाटात ठेव किंवा आईकडे दे. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीच्या १०० प्रश्नांना ९० मिनिटं आणि मॅथ्सच्या ५० प्रश्नांना ९० मिनिटं असतात, म्हणून शेवटी ९० मिनिटांची सलग बैठक जमायला हवी. पहिल्याच दिवशी ती धरलीस तर मोडेल. ४० मिनिटांपासून सुरू कर, नीट जमली की दहाने वाढव.

घरच्यांचा फोन चुकेल ही भीती रास्त आहे. डू नॉट डिस्टर्बमध्ये आईबाबांचे नंबर स्टार करून त्यांना परवानगी दे. 'रिपीट कॉलर्स' सुरू ठेवलंस तर १५ मिनिटांत दुसऱ्यांदा आलेला कॉलही वाजतो. क्लासचा ग्रुप म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाक. वेळ बदलली तर कॉल करायला एका मित्राला सांगून ठेव, त्याचाही नंबर स्टार कर.

नुसतं इन्स्टाग्राम काढून टाकण्यावर माझा भरवसा नाही. तोच वेळ शॉर्ट्सकडे जातो, नाहीतर ब्राउझरमधून लॉगिन होतं. रील्सना शेवट नसतो, म्हणून दहा मिनिटांच्या सुट्टीत फोन नकोच. खाली जाऊन चक्कर मारून ये. त्याऐवजी जेवणानंतर पाऊण तास फोनला दे, आणि तो मन न खाता वापर. ती वेळ ठरलेली असली की दुपारी हात आवरणं सोपं जातं.

आठवड्यानंतर मागचं पान पुन्हा दोन दिवस भर. जे कारण तेव्हाही वारंवार दिसेल, त्याची सोय अजून झालेली नाही.