टर्मिनलमधल्या ब्राउझरवर दिसणारं पान फाइलमध्ये कसं उतरवायचं?

तुम्ही लिहिलंय की 'स्क्रिप्ट' कमांड (टर्मिनलवर येणारं सगळं फाइलमध्ये नोंदवणारी) चालू करून लिंक्समध्ये, म्हणजे टर्मिनलमध्येच चालणाऱ्या ब्राउझरमध्ये, चार-पाच पानं पाहिली, बाहेर आलात आणि फाइल उघडली तर आत नुसता चौकोनी कंसांचा आणि आकड्यांचा कचरा. तुमचं काही चुकलेलं नाही. 'स्क्रिप्ट'ने सांगितलेलं काम चोख केलंय, फक्त ते काम तुम्हाला हवं होतं ते नव्हे.

लिंक्स पडद्यावर ओळीमागून ओळ छापत नाही. तो टर्मिनलला हुकूम देत जातो: पाचव्या ओळीत बाराव्या रकान्यावर जा, रंग बदल, ही तीन अक्षरं लिही. शिवाय एका पानावरून दुसऱ्यावर गेलात की सगळा पडदा पुन्हा काढत नाही, जेवढा भाग बदलला तेवढाच पाठवतो. दोन्ही पानांत एखादा शब्द योगायोगाने त्याच जागी असेल, तर तो दुसऱ्यांदा पाठवलाच जात नाही. 'स्क्रिप्ट' हे सगळे हुकूम जसेच्या तसे टिपून घेते. म्हणूनच 'सेड'ने (मजकुरात शोधून बदल करणाऱ्या कमांडने) ती विचित्र चिन्हं पुसली तरी वाचण्याजोगा मजकूर मिळत नाही. मी हा खटाटोप करून बसलोय, तुम्ही करू नका.

पडदा टिपायचा नाद सोडा आणि ब्राउझरकडूनच मजकूर मागा (कमांड टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत):

लिंक्स -डंप -विड्थ=१२० 'पत्ता' > पान.टीएक्सटी

रुंदी दिली नाही तर ओळी ८० अक्षरांवर तुटतात आणि तक्ते असलेल्या पानांचा विचका होतो. शेवटी सगळ्या दुव्यांची यादी जोडली जाते. ती नको असेल तर -नोलिस्ट. मराठी मजकूर भलत्याच रूपात आला तर -डिस्प्ले_कॅरसेट=यूटीएफ-८ द्या.

पत्त्याभोवतीची एकेरी अवतरणचिन्हं मात्र विसरू नका. पत्त्यात & असलं की शेल (तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) कमांड तिथेच तोडतं आणि अर्धा पत्ता लिंक्सकडे जातो. पान येतं, पण भलतंच. मी यापायी एक अख्खी संध्याकाळ त्या साइटला शिव्या घातल्या आहेत.

लॉग-इन करून, फॉर्म भरून मग पान मिळत असेल तर डंपचा फारसा उपयोग नाही. तेव्हा नेहमीसारखं त्या पानापर्यंत जा आणि 'पी' दाबा. छपाईचे पर्याय येतात, त्यात फाइलमध्ये साठवण्याचाही असतो. त्यातून सगळं पान मिळतं, दिसतो तेवढाच तुकडा नव्हे. हेच रोज करायचं असेल तर -सीएमडी_लॉग देऊन एकदा कळा नोंदवून घ्या, पुढच्या वेळी त्याच फाइलला -सीएमडी_स्क्रिप्ट लावा. लिंक्स त्याच कळा आपल्या आपण दाबत जातो. हा पर्याय फार कमी लोकांना माहीत असतो, मला तर सगळ्यात जास्त हाच आवडतो.

आणि खरोखरच पडदा जसा दिसतो तसाच हवा असेल, समजा कुणाला दाखवायला, तर टीमक्समध्ये 'कॅप्चर-पेन -पी', किंवा 'स्क्रीन'मध्ये कंट्रोल-ए नंतर 'एच' (हे दोन्ही एकाच टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनलं चालवणारे प्रोग्रॅम; लिंक्स त्यांच्या आत चालू हवा). यात पडद्यावर त्या क्षणी आहे तेवढंच येतं. वर सरकून गेलेला भाग नाही.

एक गोंधळ टाळा: त्याच उच्चाराचा दुसराही एक ब्राउझर आहे, इंग्रजीत 'दुवे' म्हणतात त्या स्पेलिंगचा. मी बोलतोय तो 'वाय' आणि 'एक्स'वाला, १९९२ मध्ये कॅन्सस विद्यापीठातून आलेला. -डंप त्या दुसऱ्यातही चालतं, डब्ल्यू३एम नावाच्या तिसऱ्या टर्मिनल-ब्राउझरमध्येही, पण बाकीचे पर्याय जुळतीलच असं नाही. डब्ल्यू३एममध्ये रुंदीसाठी -कॉल्स लागतं.

एवढं करूनही फाइल जवळजवळ रिकामी आली, तर ते पान जावास्क्रिप्टने भरलं जात असणार. लिंक्स जावास्क्रिप्ट चालवतच नाही, त्यामुळे तिथे त्याच्या हाती काही लागत नाही.