डिस्क बदलली, बॅकअप अडला

या वेळच्या पत्रांत दुखणं एकच आहे: बॅकअप हाताशी आहे, पण नव्या डिस्कवर तो बसत नाही.

प्रश्न (लातूर, मोंढा) : आमच्या आडत दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये १ टीबीची हार्ड डिस्क, त्यात सी आणि डी. दोन्ही मिळून भरलेली जागा ९० जीबी. विंडोजमधूनच सिस्टिम इमेज (विंडोजसकट सगळ्याची एकत्र नक्कल) काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवली. आता २४० जीबीची एसएसडी बसवली, तर रिस्टोअर होत नाही. डिस्क लहान आहे म्हणे. ९० जीबीला २४० अपुरे कसे? सोयाबीनची आवक सुरू व्हायच्या आत मशीन चालू हवं.

हिशेब तुमचा बरोबर आहे, विंडोज तो करतच नाही. सिस्टिम इमेजमध्ये मालाबरोबर अख्ख्या गोदामाचा नकाशा असतो: कोणतं पार्टिशन (सी, डीसारखा डिस्कचा कप्पा) कुठे सुरू होतं, कुठे संपतं. परत उतरवताना निदान तेवढंच गोदाम मागितलं जातं, आत पोती किती का असेनात. सी आकसून नव्याने इमेज घेतली तरी बहुधा हेच ऐकायला मिळेल, कारण तपासणी डिस्कच्या आकाराची होते.

जुनी डिस्क चालत असेल तर इमेजचा नाद सोडा. डीमधला डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या. त्यात हिशेबाचं फोल्डर असेल तर ते दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. कॉपी झालं म्हणजे उघडेलच असं नाही. मग जुन्या डिस्कवरून एसएसडीवर थेट क्लोन, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, करा. एसएसडीच्या बऱ्याच कंपन्या यासाठी मोफत सॉफ्टवेअर देतात, आणि ते सहसा पार्टिशन आपणहून लहान करून बसवतं. क्लोनझिला हा क्लोन करायचा मोफत प्रोग्राम चांगलाच आहे, पण नेहमीच्या सेटिंगवर तोही लहान डिस्क नाकारतो.

जुनी डिस्क मेली असेल तर एसएसडीवर विंडोज नव्याने टाका. इमेजच्या फोल्डरातली व्हीएचडीएक्स फाइल (खरा माल हिच्यातच असतो) विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून जोडली की ती साध्या ड्राइव्हसारखी उघडते. हव्या त्या फायली उचला. प्रोग्राम मात्र पुन्हा टाकावे लागतील. हंगाम तोंडावर असता तर मी हाच रस्ता धरला असता. निवांत वेळ असेल तर १ टीबीची उसनी डिस्क आणून इमेज तिच्यावर उतरवा आणि तिथून क्लोन करा.

आणि हो, ‘विंडोजइमेजबॅकअप’ या फोल्डरचं नाव बदलू नका, ते दुसऱ्या फोल्डरात कोंबूही नका. रिस्टोअरला मग ते दिसत नाही. ‘दुकान बॅकअप दिवाळी’ असं बारसं केलेली फोल्डरं माझ्याकडे येतच असतात.

प्रश्न (नांदेड, फोटो स्टुडिओ) : विंडोज एसएसडीवर आहे. लग्नांच्या फोटोंसाठी २ टीबीच्या दोन डिस्क रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र चालवायची पद्धत) जोडायच्या म्हणून बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाची सेटिंग) एएचसीआयचं, म्हणजे डिस्क सुट्या चालवायच्या पद्धतीचं, रेड केलं. आता निळी स्क्रीन येते. सगळं गेलं का?

काही गेलेलं नाही. ते सेटिंग सगळ्या साटा पोर्टना (डिस्कची वायर लागते त्या जागा) लागू होतं, आणि विंडोजला सुरू होतानाच वेगळा ड्रायव्हर लागतो. पुन्हा एएचसीआय करा, विंडोज उघडेल. मग एमएसकॉन्फिग या विंडोजच्या प्रोग्राममधून सेफ बूट (मोजक्याच ड्रायव्हरांवर सुरू होणं) निवडा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये रेड करा, सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या आणि सेफ बूटची खूण काढा. बहुतेक मशीन एवढ्यावर ताळ्यावर येतात.

दोन गोष्टी आधी ऐका. रेड तयार करताना त्या डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा फोटो आधी हलवा. आणि आरशासारखी जोडी म्हणजे बॅकअप नव्हे. एका डिस्कवर अल्बम चुकून उडवला की दुसरीवरूनही त्याच क्षणी उडतो. तिसरी डिस्क घ्या, काम झालं की वायर काढून कपाटात ठेवा.

प्रश्न (परभणी, सेवा केंद्र) : जुन्या हार्ड डिस्कचं एनव्हीएमई एसएसडीवर (वेगवान प्रकारची एसएसडी) क्लोन केलं. जुनी काढली की मशीन सुरूच होत नाही.

जुनी डिस्क एमबीआर पद्धतीची (पार्टिशनची नोंद ठेवायची जुनी रीत) असणार. एनव्हीएमईवरून सुरू व्हायला यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) आणि जीपीटी (पार्टिशनच्या नोंदीची नवी रीत) लागतं. फक्त नवी डिस्क ठेवून विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा, शिफ्ट आणि एफ१० दाबा आणि उघडलेल्या काळ्या खिडकीत ‘एमबीआर२जीपीटी’ ही आज्ञा चालवा. आधी तपासणी, मग बदल. विंडोज १० च्या २०१७ मधल्या आवृत्तीपासून ती सोबतच येते. डिस्कवर लॉजिकल पार्टिशन (एका पार्टिशनच्या पोटात केलेलं दुसरं) असेल तर ती नकार देते. झाल्यावर बायोसमध्ये यूईएफआय निवडा.

प्रश्न (अंबाजोगाई) : लॅपटॉपची डिस्क बदलल्यावर तो ४८ आकडी की मागतो. मी कधी पासवर्ड ठेवलाच नव्हता.

बिटलॉकर आहे तो, विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, बऱ्याच लॅपटॉपांत आपोआप चालू होतो. तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मोबाइलवरून लॉगिन करा, की बहुधा तिथेच असेल. खातं दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर उघडून दिलेलं असेल, तर आधी त्यांना फोन लावा.