उन्हाळी नव्हती ती

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा दीड वर्षाचा, अजून मान धरत नाही, हातपाय पिळवटतात, आणि लंगोटात केशरी रेतीसारखं काहीतरी दिसतं. ते वाचून हातातलं काम ठेवून लिहायला बसले.

आमच्याकडं हेच झालं. परभणीचा मे महिना. सासूबाई म्हणाल्या, लेकराला उन्हाळी लागली. धन्याचं पाणी, सब्जा, वाळा, सगळं झालं. कण चिमटीत धरले की विटेच्या चुऱ्यासारखे करकरायचे. मी धुऊन टाकत राहिले. दिवाळीतही ते दिसायचे. दिवाळीत कसली उन्हाळी, हे माझ्या डोक्यात आलं नाही. एका मोठ्या दवाखान्यात सांगितलं, तर "पाणी पाजत जा" म्हणून मलाच झापलं. पुढची चार वर्षं सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळं हालचाल बिघडलेली, अशी फाइल आणि फिजिओथेरपी. पोरानं स्वतःचा ओठ चावून तुकडा पाडला, तेव्हा कुठं लेश-नायहन हे नाव कळलं. हा जन्मजात आजार; अंगात युरिक ॲसिड फार वाढतं, ते केशरी कण त्याचेच, आणि लेकरू स्वतःलाच चावतं.

मी डॉक्टर नाही, पण लंगोट धुण्याआधी फोटो काढा आणि युरिक ॲसिडची तपासणी मागून घ्या. रिपोर्टवर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा बऱ्याचदा मोठ्या माणसांची असते, लेकरांची त्याहून कमी. रक्तात ठीक आलं तरी थांबू नका. लघवीतल्या युरिक ॲसिडचं क्रिएटिनिनशी (लघवीतलाच दुसरा एक घटक) किती प्रमाण पडतं, तेही बघायला सांगा. पक्कं निदान एचपीआरटी नावाच्या एन्झाइमच्या (या आजारात तेच कमी पडतं) किंवा त्याच्या जनुकाच्या तपासणीनं होतं. तुमच्या लेकराला दुसरंच काही निघो, असंच वाटतं.

ॲलोप्युरिनॉल या औषधानं युरिक ॲसिड उतरतं, मूत्रपिंडं वाचतात. चावणं त्यानं थांबत नाही, हे आम्हाला कुणी आधी सांगितलं नाही. डोस मनानं वाढवू नका, दुसऱ्या जातीचे खडे होतात.

जनुकातला हा दोष आईकडून येतो हे कळल्यावर घरात काय काय ऐकलं, ते राहू द्या. कधीकधी तो लेकरातच नव्यानं होतो, हे कुणी ऐकून घेत नाही. तुमच्या बहिणींनाही मात्र तपासणीचं सांगा.

आणि लोक म्हणतील, पोराला बांधून ठेवता? त्याला दुखतं हो, चावल्यावर रडतो, तरी हात तोंडाकडं जातोच. माझा स्वतःच म्हणतो, "आई, बांध." कोपर वाकू नये म्हणून मी पुठ्ठ्यावर जुन्या सुती साडीच्या पट्ट्या गुंडाळून बाह्या शिवते. घामानं भिजतात, म्हणून दोन जोड ठेवा.