जुनी पोकेमॉन कार्डं : ‘कॉमन’ कार्डाला भाव येतो का?

जुन्या पोकेमॉन कार्डांबद्दल बरेच प्रश्न आलेत, त्यातले चार घेतोय.

प्रश्न : न्यू जर्सीच्या आत्याने तिच्या मुलांची १९९९ची कार्डं दिलीत, इंग्लिश, बेस सेट (म्हणजे पहिलीच मालिका). मित्र म्हणतो सगळी कॉमन आहेत, टाकून दे. टाकू?

उत्तर : अजिबात नको! खाली उजव्या कोपऱ्यात काळा गोळा म्हणजे कॉमन, पत्त्यांतल्या चौकटसारखं चिन्ह म्हणजे अनकॉमन, चांदणी म्हणजे रेअर, बस, त्या चिन्हाचा अर्थ एवढाच. पण तेच कार्ड वेगवेगळ्या छपाईत आलंय आणि खरा फरक तिथे पडतो. पिकाचूच घ्या, ५८/१०२, म्हणजे कॉमनच. चित्राच्या खाली डावीकडे १ आकड्याचा छोटा काळा शिक्का असेल तर फर्स्ट एडिशन, सगळ्यात आधीची छपाई. शिक्का नाही आणि चित्राच्या चौकटीला उजवीकडे सावलीही नाही, तर शॅडोलेस. सावली असेल तर अनलिमिटेड, हे ढिगाने छापलं गेलं म्हणून स्वस्त. सावली नीट कळत नसेल तर तळाची बारीक ओळ वाचा, शॅडोलेसवर निन्टेन्डोच्या नावाआधी ९५, ९६, ९८ च्या पुढे ९९ पण असतं, अनलिमिटेडवर ते नसतं. पिकाचूचे गालही बघा, सुरुवातीच्या काहींवर ते लाल आहेत, नंतर पिवळे झाले, आणि लाल गालवाल्याला लोक जास्त पैसे मोजतात. फक्त मॅचॅम्पच्या कार्डावर शिक्का दिसला म्हणून हुरळून जाऊ नका, ते कार्ड नवख्यांसाठीच्या स्टार्टर सेटमधे यायचं आणि शिक्क्यासकटच छापलं जायचं.

प्रश्न : ईबेवर माझ्याकडच्यासारख्याच रॅटाटाच्या कार्डाला कोणीतरी २०० डॉलर लावलेत. मला तेवढे मिळतील?

उत्तर : लावलेत ना, मिळालेत का? ‘सोल्ड’ फिल्टर लावा आणि खरंच विकलेली कार्डं बघा, तीही तुमच्याच छपाईची आणि तुमच्याच कंडिशनची. मागच्या निळ्या कडा पांढऱ्या पडल्या असतील, कोपरे झिजले असतील तर भाव धाडकन खाली येतो.

प्रश्न : पीएसएकडे (कार्डाची अवस्था तपासून १० पैकी ग्रेड देणारी अमेरिकन कंपनी) ग्रेडिंगला पाठवू का?

उत्तर : अनलिमिटेड कॉमन असेल तर माझ्या मते नको. फी, कुरिअर, कस्टम्स धरून खर्च कार्डाच्या किमतीपेक्षा जास्त होतो. फर्स्ट एडिशन असेल, कोपरे टोकदार आणि चारी बाजूची पिवळी बॉर्डर सारखी असेल तरच विचार करा, कारण कॉमन कार्डात पैसा असतो तो ९-१० ग्रेडलाच.

प्रश्न : लहानपणी शाळेजवळच्या स्टेशनरीतून घेतलेली कार्डं खरी असतील का?

उत्तर : वाईट वाटतं सांगायला, पण आपल्याकडे तेव्हा मिळायची ती बहुतेक नकली. पोकेमॉन या इंग्रजी नावातल्या ‘ई’वर तिरकी रेघ आहे का बघा, नकलीवर ती बरेचदा गायब असते. मग भिंगातून कड बघा, खऱ्या कार्डाच्या दोन थरांमधे बारीक काळी रेघ दिसते. फाडून बघायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका! आणि खरी असोत की नकली, लॅमिनेट करू नका, रबरबँड लावू नका. साधी स्लीव्ह (पातळ प्लॅस्टिकचं पाकीट), वर टॉपलोडर (कडक प्लॅस्टिकचं कव्हर), आणि पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आपल्याकडच्या दमट हवेत कार्डं वाकतात.