मैफलीत टाळी केव्हा वाजवावी

पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला तुम्ही पहिल्यांदाच जाणार आहात, म्हणून अनेक वर्षांच्या श्रवणातून उमगलेले थोडेसे सांगतो. टाळी ही दाद देण्याची एक रीत झाली. आपल्या संगीतात त्याहून जुनी आणि मला अधिक प्रिय असलेली रीत म्हणजे जागच्या जागी, मनापासून निघालेली हलकी ‘वा!’ किंवा ‘क्या बात है!’.

विलंबित ख्यालाच्या, म्हणजे अगदी संथ लयीतल्या गायनाच्या आरंभी गायक एकेका स्वराने राग उलगडत असताना टाळी अजिबात वाजवू नये, कारण त्या वेळी दोन स्वरांमधली शांतताही गाण्याचाच भाग असते आणि टाळ्यांच्या आवाजाने ती मोडली की कलाकाराला तोच भाव पुन्हा जुळवून आणावा लागतो. समेचे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेचे (ठोक्याचे), मात्र वेगळे आहे. अतिविलंबित एकतालात १२ मात्रांचे आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, बराच वेळ चालते, आणि तेवढा प्रवास करून गायक मुखड्यासह, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या शब्दांसह, नेमका पहिल्या मात्रेवर येतो, तेव्हा आपोआप मान डोलते. तीच उत्तम दाद. सम ओळखता येत नसेल तर तबलजींकडे लक्ष ठेवावे, हळूहळू ती अंगात भिनते.

द्रुत, म्हणजे जलद लयीतील तिहाई (तीनदा घेतलेला एकच तुकडा) किंवा तबल्याचा छोटा स्वतंत्र तुकडा समेवर संपल्यावर टाळी खुशाल वाजवावी, मात्र लगेच थांबावे, कारण पुढचे आवर्तन सुरू झालेले असते. तानेच्या, म्हणजे वेगाने घेतलेल्या स्वरांच्या मालिकेच्या मध्येच, केवळ वेग पाहून टाळ्या वाजवणे मला खटकते. मैफलीची सांगता करणारी भैरवी चालू असताना उठून जाऊ नये. जायचेच असेल तर दोन कलाकारांच्या मधल्या वेळेत जावे.